पत्र: फ्रेंचांचा विषय वांदिवाशला संपला नव्हता

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवार पुरवणीत इंग्रजी सत्तेच्या सुरुवातीवर लेख आला होता, चांगला होता, पण त्यात शेवटी एक वाक्य आहे की १७६० ला मद्रासजवळच्या वांदिवाशला फ्रेंच इंग्रजांकडून हरले आणि भारतातला त्यांचा विषय कायमचा संपला. हे वाक्य मी शाळेपासून वाचत आलोय, माझ्या मुलांच्या पुस्तकात पण तेच होतं आणि आता तुमच्या पेपरात पण तेच. म्हणून लिहायला बसलो. पत्र लांबणार आहे, कृपया कापू नका, कापायचंच असेल तर हा पहिला परिच्छेद कापा.

१७८२ आणि ८३ या दोन वर्षांत आपल्या पूर्व किनाऱ्यावर आणि श्रीलंकेच्या बाजूला इंग्रज आणि फ्रेंच आरमारांच्या एकामागून एक पाच मोठ्या लढाया झाल्या. पाच! त्याच दोन सेनापतींमध्ये, बहुतेक त्याच जहाजांमध्ये, दीड वर्षाच्या आत. फ्रेंचांकडून पिएर आंद्रे द सफ्रेन आणि इंग्रजांकडून सर एडवर्ड ह्यूज. वांदिवाशनंतर बावीस वर्षांनी. आणि या लढायांच्या वेळी पुण्याला नाना फडणवीस, कर्नाटकात हैदरअली, कलकत्त्याला वॉरन हेस्टिंग्ज असे सगळे जण कान लावून बसले होते की समुद्रावर काय होतंय, कारण त्यावर जमिनीवरचं पुढचं सगळं अवलंबून होतं. तरी आपल्या इतिहासात याला एक ओळ पण नाही हे मला खरंच सहन होत नाही.

थोडं मागे जाऊ. अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध चालू होतं आणि फ्रान्स अमेरिकेच्या बाजूने उतरला होता. २२ मार्च १७८१ ला ब्रेस्ट बंदरातून फ्रेंचांचं मोठं आरमार निघालं, त्यातला मोठा भाग द ग्रास या फ्रेंच सेनापतीच्या हाताखाली वेस्ट इंडीजकडे गेला आणि पाच मोठी जहाजं घेऊन सफ्रेन हिंदुस्तानच्या वाटेला लागला. द ग्रासने पुढे सप्टेंबर १७८१ ला अमेरिकेतल्या चेसापीक उपसागराच्या तोंडाशी इंग्रज आरमाराला अडवलं आणि त्यामुळे यॉर्कटाउनला कॉर्नवॉलिस शरण आला, हे जगभर शिकवतात. तोच कॉर्नवॉलिस नंतर आपल्याकडे गव्हर्नर जनरल होऊन आला आणि हरिपंत फडके, परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा त्याच्या जोडीने टिपूवर गेल्या. म्हणजे बघा, एकाच बंदरातून एकाच दिवशी निघालेली जहाजं, बहुतेकांनी अमेरिकेचा निकाल लावला आणि थोडी आपल्या दारात आली. पहिली गोष्ट सगळ्यांना माहीत, दुसरी कोणालाच नाही.

सफ्रेन हा माणूस दिसायला अजिबात सेनापती वाटायचा नाही असं लिहून ठेवलंय, प्रचंड जाड, कपड्यांकडे लक्ष नाही, तोंड फटकळ. पण डोकं वेगळंच. त्या काळी आरमारी लढाई म्हणजे दोन्हीकडची जहाजं एकामागे एक अशी लांब ओळ धरायची आणि समोरासमोर येऊन एकमेकांवर तोफा झाडायच्या, कारण तोफा जहाजाच्या दोन कुशींना असायच्या. यात निकाल सहसा लागायचाच नाही, डोलकाठ्या मोडायच्या, शिडं फाटायची, माणसं मरायची आणि संध्याकाळी दोघं आपापल्या वाटेने जायचे. सफ्रेनला हे मान्य नव्हतं, त्याचं म्हणणं की शत्रूच्या ओळीच्या एका टोकावर आपली जास्त जहाजं घालायची, दोन्ही बाजूंनी घेरायचं, ते टोक तोडायचं आणि मग बाकीच्यांकडे बघायचं. वाटेत केप व्हर्दे बेटांत पोर्तुगीजांच्या पोर्तो प्राया बंदरात इंग्रजांचा एक ताफा पाणी भरायला थांबला होता, त्यावर हा पठ्ठ्या १६ एप्रिल १७८१ ला सरळ आत घुसून तुटून पडला. तो ताफा आफ्रिकेच्या दक्षिण टोकाचं केप डचांकडून घ्यायला निघाला होता. लढाई अर्धवटच झाली पण सफ्रेन त्यांच्या आधी केपला पोचला आणि केप वाचलं.

मॉरिशसला त्याला आधीचं फ्रेंच आरमार मिळालं. तिथला वरिष्ठ सेनापती द ओर्व्ह आजारी होता, तो इकडे येताना फेब्रुवारी १७८२ ला वाटेतच वारला आणि सगळी सूत्रं सफ्रेनच्या हातात आली. ह्यूज तोपर्यंत डचांचं त्रिंकोमाली, म्हणजे श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्याचं बंदर, घेऊन मोकळा झाला होता. हा ह्यूज म्हणजे तोच ज्याने डिसेंबर १७८० ला मंगळूरला हैदरचं आरमार जाळून टाकलं. शांत, चिवट, या समुद्राची खडानखडा माहिती असलेला माणूस, त्याला उगाच कमी लेखू नये.

पहिली लढाई १७ फेब्रुवारी १७८२, मद्रासच्या दक्षिणेला सद्रासजवळ. सफ्रेनने ठरवल्याप्रमाणे इंग्रज ओळीच्या शेपटावर मारा केला, 'एक्झेटर' नावाचं इंग्रज जहाज अक्षरशः चाळणी झालं, पण त्याचेच निम्मे कप्तान लांब राहिले आणि सांगितलेल्या जागी आलेच नाहीत. हेच पुढे प्रत्येक लढाईत होत राहिलं. काही म्हणतात कप्तानांना त्याचा राग होता, काही म्हणतात त्याने आपला बेत त्यांना नीट समजावलाच नाही. मला वाटतं दोन्ही खरं असणार, कारण नवीन पद्धतीने लढायचं असेल तर हाताखालच्यांना आधी बसवून सांगावं लागतं, आणि हा माणूस सांगण्यापेक्षा ओरडायचा जास्त. त्यात त्याच्या काही जहाजांच्या बुडाला तांब्याचे पत्रे होते आणि काहींच्या नव्हते, मग पत्रेवाली वेगाने पुढे आणि बाकीची मागे, ओळ कशी धरणार?

दुसरी १२ एप्रिल १७८२ ला श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्याला, प्रोव्हिडियन नावाच्या खडकाजवळ. 'मॉनमाउथ' या इंग्रज जहाजाच्या दोन डोलकाठ्या पडल्या तरी ते पकडता आलं नाही. आणि त्याच तारखेला, १२ एप्रिललाच, तिकडे वेस्ट इंडीजमध्ये सेंट्सच्या लढाईत द ग्रासचा दारुण पराभव झाला आणि तो स्वतः इंग्रजांच्या कैदेत गेला. इकडे दोघांपैकी कोणालाच त्याचा पत्ता नव्हता, बातमी यायला महिने लागायचे.

तिसरी ६ जुलैला नागापट्टणमला. लढाई ऐन रंगात आली आणि वारा एकदम फिरला, दोन्ही ओळी विस्कटल्या. त्यात 'सेव्हेर' या फ्रेंच जहाजाच्या कप्तानाने घाबरून निशाण उतरवलं, म्हणजे शरण आलो. समोरचं इंग्रज जहाज 'सुल्तान' तोफा थांबवून त्याचा ताबा घ्यायला थांबलं. पण सेव्हेरवरच्या खालच्या अधिकाऱ्यांनी कप्तानाचं ऐकलंच नाही, निशाण परत चढवलं आणि सुल्तानवर तोफा डागल्या. दुसऱ्या दिवशी ह्यूजने निरोप पाठवला की ते जहाज आमचं आहे, द्या. सफ्रेनने उत्तर दिलं की निशाणाची दोरी गोळा लागून तुटली होती, शरण वगैरे कोणी आलं नव्हतं. या लढाईत फ्रेंचांचे १७८ मेले आणि इंग्रजांचे ७७. दुसरा कोणी असता तर मॉरिशसला निघून गेला असता, तसे हुकूम पण होते. सफ्रेन गेला नाही. लहान जहाजांच्या डोलकाठ्या काढून मोठ्या जहाजांना बसवल्या, कामचुकार कप्तानांना घरी पाठवलं आणि २६ जुलैला पाँडिचेरीच्या दक्षिणेला कडलूरजवळच्या छावणीत जाऊन हैदरअलीला भेटला. हैदर लांबून त्याला भेटायला किनाऱ्यापर्यंत आला होता, त्याला फ्रेंचांकडून इतकी वर्षं नुसत्या थापा मिळाल्या होत्या आणि पहिल्यांदा लढणारा माणूस दिसला.

मग सफ्रेनने जे केलं ते या सगळ्यातलं सगळ्यात भारी काम आहे. ह्यूज मद्रासला दुरुस्ती करत बसलाय हे बघून तो थेट त्रिंकोमालीवर गेला, फौज उतरवली, किल्ल्यावर तोफा लावल्या आणि ऑगस्ट संपायच्या आत बंदर घेतलं. ह्यूज २ सप्टेंबरला आला तर किल्ल्यावर फ्रेंच निशाण! दुसऱ्या दिवशी चौथी लढाई. सफ्रेनकडे १४ जहाजं, ह्यूजकडे १२, म्हणजे या वेळी जिंकायलाच हवं होतं. पण परत तेच, ओळ नीट झालीच नाही, त्याचं स्वतःचं 'हीरो' आणि जोडीची एकदोन जहाजं इंग्रजांच्या मधोमध एकटी पडली, तासन् तास मार खाल्ला, हीरोची मुख्य डोलकाठी कोसळली आणि तिच्याबरोबर निशाण पण पडलं. सफ्रेनने ओरडून जहाजभर निशाणं लावायला सांगितली, कोणाला वाटायला नको की शरण गेलो. अंधार पडला म्हणून वाचले. परत बंदरात शिरताना 'ओरियाँ' नावाचं जहाज खडकावर चढून गेलं आणि महिन्याभरात 'बिझार' कडलूरला बुडालं. चार लढायांत इंग्रजांना त्याचं एकही मोठं जहाज घेता आलं नव्हतं, आणि ही दोन अशी गेली.

आता मी ज्यासाठी हे पत्र लिहितोय तो मुद्दा. आपल्याकडे नारळीपौर्णिमेला समुद्र खुला होतो पण पूर्व किनाऱ्याला उलट, तिकडे ऑक्टोबरपासून ईशान्येचा वारा सुटतो आणि मद्रासला तर त्या काळी बंदर असं नव्हतंच, उघड्या किनाऱ्यासमोर नांगर टाकून उभं राहायचं. त्या वर्षी ऑक्टोबरात असं वादळ झालं की धान्याची जहाजं मद्रासच्या किनाऱ्यावर फुटली आणि हैदरने आजूबाजूचा मुलूख उजाड केलेला, शहरात माणसं उपासमारीने मेली. मद्रासचे गव्हर्नर मॅकार्टनी ह्यूजला जाऊ नको म्हणत होते. तरी ह्यूज गेला. कुठे गेला? मुंबईला!

कारण इंग्रजांच्या ताब्यातल्या सगळ्या हिंदुस्तानात मोठं लढाऊ जहाज पाण्याबाहेर काढून बुडापासून दुरुस्त करायची सोय फक्त मुंबईत होती. १७५० च्या दशकात तिथे पहिला ड्राय डॉक झाला आणि १७७३ पर्यंत ओळीने तीन झाले. ७४ तोफांचं जहाज आत घ्यायचं, दरवाजे लावायचे, पाणी काढायचं आणि मग कुजलेल्या फळ्या बदलायच्या, फटी बुजवायच्या, तांबं ठोकायचं. हे सगळं करणारे हात आपल्याकडचे होते. १७३६ ला सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया मुंबईत आले, त्यांनी ही गोदी उभी केली, १७७४ ला ते वारले आणि माणेकजी आणि बोमनजी या त्यांच्या मुलांनी काम पुढे चालवलं. म्हणजे सद्रासपासून त्रिंकोमालीपर्यंत चार लढायांत फुटलेली ह्यूजची जहाजं ज्यांनी परत उभी केली ते पारशी मेस्त्री आणि त्यांच्या हाताखालचे सुतार, आणि लाकूड आपल्या पश्चिम किनाऱ्याचं सागवान. त्याच मुक्कामात बिकर्टन या इंग्रज सेनापतीची पाच नवीन जहाजं पण ह्यूजला येऊन मिळाली.

आणि सफ्रेन? त्याच्याकडे हक्काचा डॉक नाही. त्रिंकोमाली बंदर छान पण तिथे सामान नाही, लाकूड नाही, अन्न नाही. तो हिवाळा काढायला सुमात्राच्या आचेला गेला, परक्या राजाच्या बंदरात, आणि जे मिळेल त्यावर जहाजं तगवली. लोक म्हणतात फ्रेंच कप्तान नालायक होते म्हणून हिंदुस्तान इंग्रजांना राहिला. होते काही नालायक, मान्य. पण मला विचाराल तर जास्त मोठं कारण मुंबईची गोदी आहे. सफ्रेन कितीही हुशार असला तरी दर लढाईनंतर त्याची जहाजं थोडी थोडी मरत होती आणि ह्यूजची जहाजं मुंबईत जाऊन परत जिवंत होत होती. हे आपल्या शहरात घडलंय, दक्षिण मुंबईत, आज तिथे नेव्हीचा डॉकयार्ड आहे आणि लायन गेटवरून रोज हजारो माणसं जातात.

पुण्याचा संबंध तर अजून थेट आहे. वडगावला १७७९ मध्ये इंग्रजांची नाचक्की झाल्यावर नानांनी हैदर, निजाम आणि नागपूरकर भोसले यांना एकत्र घेऊन इंग्रजांविरुद्ध मोट बांधली होती. त्याच्या आधी सें ल्युबां नावाचा फ्रेंच वकील पुण्यात येऊन राहिला होता आणि त्यामुळे इंग्रजांची झोप उडाली होती. १७ मे १७८२ ला महादजी शिंद्यांनी इंग्रजांशी सालबाईचा तह केला, पण नानांनी त्यावर शिक्कामोर्तब करायला कित्येक महिने लावले. का लावले? आपल्या पुस्तकात फक्त हैदरचं कारण देतात आणि ते खरंच आहे, ७ डिसेंबर १७८२ ला हैदर वारला आणि मगच नानांनी तह पक्का केला. पण हैदर ज्याच्या भरवशावर लढत होता तो फ्रेंच काफिला त्याच महिन्यांत समुद्रावर होता, त्रिंकोमाली त्याने घेतलेलं होतं आणि नवीन फौज घेऊन बुसी हा फ्रेंच सेनापती येणार अशी हवा होती. नानांसारखा माणूस याच्याकडे डोळे झाकून बसला असेल हे मला पटत नाही. आणि इंग्रजांना पण हीच धास्ती होती, म्हणून सालबाईच्या तहात पेशव्यांनी पोर्तुगीज सोडून इतर युरोपियनांना थारा द्यायचा नाही असं कलम मुद्दाम घालून घेतलं. फ्रेंचांचा विषय १७६० ला संपला होता तर १७८२ ला हे कलम कशाला लागलं असतं?

बुसी आला, पण मार्च १७८३ ला, हैदर गेल्यानंतर. हा तोच बुसी जो तीस वर्षांपूर्वी निजामाच्या बाजूने नानासाहेब पेशव्यांवर चालून आला होता. आता म्हातारा, संधिवाताने जखडलेला, त्याला कडलूरला इंग्रजांच्या जनरल स्टुअर्टने वेढा घालून कोंडलं. ह्यूज आता १८ जहाजं घेऊन मुंबईहून परत आलेला, ताजातवाना, आणि सफ्रेनकडे १५ जुनी. तरी सफ्रेन आला. माणसं कमी म्हणून बुसीकडून १२०० सैनिक जहाजांवर घेतले, त्यात निम्मे आपले देशी शिपाई. फ्रेंच निशाणाखाली तोफा ओढताना जे मेले त्यांची नावं कुठेच नाहीत, फ्रेंच आकड्यांत मिसळून गेली. द ग्रास पकडला गेल्यापासून फ्रान्सच्या राजाचा हुकूम होता की सेनापतीने ओळीच्या बाहेर लहान जहाजावर थांबायचं, म्हणून आयुष्यभर पुढे घुसणारा हा माणूस पाचवी लढाई 'क्लेओपात्र' नावाच्या फ्रिगेटवरून लढला. २० जून १७८३, कडलूर. जहाज कोणाचंच गेलं नाही पण ह्यूजची माणसं स्कर्व्हीने, म्हणजे ताजं अन्न न मिळाल्याने होणाऱ्या रोगाने, खिळखिळी झाली होती, पाणी संपत आलं होतं, तो मद्रासला निघून गेला आणि स्टुअर्टची वेढा घालणारी फौज स्वतःच अडकली. अजून महिनाभर युद्ध चाललं असतं तर काय झालं असतं सांगता येत नाही.

पण २९ जूनला 'मेडिया' नावाचं इंग्रज जहाज पांढरं निशाण लावून आलं. युरोपात इंग्रज-फ्रेंच तहाच्या कलमांवर २० जानेवारीलाच सह्या झाल्या होत्या! म्हणजे कडलूरला इंग्रजांचे ९९ आणि फ्रेंचांचे १०२ मेले ते सह्या होऊन पाच महिने झाल्यावर. त्याच वर्षी आपल्या किनाऱ्यावर पण असंच झालं, ८ एप्रिलला आनंदराव धुळपांच्या मराठा आरमाराने कोकण किनाऱ्यावर इंग्रजांचं 'रेंजर' जहाज लढून पकडलं तेव्हा सालबाईचा तह पक्का होऊन गेला होता. ते जहाज मुंबईहून कानडा मुलखातल्या लढाईवर इंग्रज अधिकारी घेऊन चाललं होतं. धुळपांची ही लढाई आपल्याला निदान थोडी माहीत असते, पण ती ज्या मोठ्या युद्धाचा भाग होती ते माहीत नसतं, मग ती सुटी गोष्ट होऊन बसते.

युरोपातल्या त्या तहात फ्रेंचांना पाँडिचेरी, कारिकल, माहे, चंद्रनगर परत मिळालं. मधली काही वर्षं इंग्रजांनी ती घेतली होती, ती सोडली तर ती ठाणी १९५० पर्यंत आणि त्याच्या पुढे त्यांच्याकडे राहिली, आजही पाँडिचेरीला फ्रेंच पाट्या दिसतात. त्रिंकोमाली डचांना परत गेलं. सफ्रेन मायदेशी परतताना केपला थांबला तर तिथे असलेले इंग्रज कप्तान, त्याच्याशी लढलेले, त्याच्या जहाजावर जाऊन त्याला सलाम करून आले. ह्यूजचं 'सुपर्ब' जहाज, पाचही लढायांत टिकलेलं, नोव्हेंबर १७८३ ला तेलिचेरीजवळ बुडालं.

संपादक साहेब, माझं मागणं मोठं नाही. पाठ्यपुस्तक मंडळाने कर्नाटक युद्धांच्या धड्याच्या शेवटी आणि सालबाईच्या तहाच्या धड्यात या पाच लढायांवर एक परिच्छेद घालावा. डॉकयार्ड नेव्हीचा आहे, आत सोडणार नाहीत ते बरोबरच आहे, पण बाहेर रस्त्यावर या गोदीने १७८२ च्या हिवाळ्यात काय केलं हे सांगणारा एक मराठी फलक असावा. आणि तुमच्याकडे मागणं हे की पुण्याच्या पुराभिलेखागारात त्या काळातली मोडी कागदपत्रं आहेत, हैदरच्या दरबारात पुण्याचे वकील होते आणि ते बातम्या पाठवायचे. तुमच्या वाचकांत मोडी वाचणारे अभ्यासक नक्की आहेत. सफ्रेन, त्रिंकोमाली, कडलूर याबद्दल त्या वकिलांनी पुण्याला काय काय लिहिलं होतं ते त्यांच्यापैकी कोणी शोधून लिहावं आणि तुम्ही पुरवणीत त्याला पूर्ण पान द्यावं.

आपला,
एक नियमित वाचक, डोंबिवली